टीपी-लिंक आर्चर सी६: घरचा मीडिया सर्व्हर बाहेरून पाहण्यासाठी घ्यावा का?

टीपी-लिंकचा आर्चर सी६ हा एसी१२०० वर्गातला राउटर ऑनलाइन साधारण दोन-अडीच हजारांना मिळतो. पाचही पोर्ट गिगाबिट, २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस असा खोक्यावरचा वेग, यूएसबी पोर्ट नाही. वन-बीएचकेत त्याचे वायफाय कुठवर पोचते यावर पुष्कळांनी लिहिले आहे, ते इथे नको. इथे प्रश्न एवढाच की घरी जेलीफिन किंवा प्लेक्स (साठवलेले व्हिडिओ-गाणी इतर उपकरणांवर दाखवणारे मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर) चालू आहे, त्यावर लग्नाचे व्हिडिओ, जुन्या डीव्हीडी, गाणी साठवली आहेत आणि ते सगळे गावाहून, ऑफिसातून किंवा परदेशातून बघायचे आहे. त्यासाठी हा राउटर कितपत कामाचा?

निकाल आधीच सांगतो. कनेक्शनला पब्लिक आयपीव्ही४ पत्ता (म्हणजे इंटरनेटवरून थेट गाठता येणारा, फक्त तुमच्या कनेक्शनचा आकडी पत्ता) मिळत असेल तर या किमतीत तो चांगला आहे, १०८०पी पर्यंतच्या फायलींसाठी. पत्ता मिळत नसेल तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची हाक घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणे), डीडीएनएस (घरच्या बदलत्या पत्त्याला कायमचे नाव देणे) आणि व्हीपीएन सर्व्हर (बाहेरून घरच्या नेटवर्कात येण्याचा कूटबद्ध बोगदा) या ज्या तीन सोयींसाठी तो घ्याल, त्या तिन्ही मेन्यूत दिसतील आणि एकही चालणार नाही. राउटर बदलून द्या म्हणून दुकानदाराशी वाद घालणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण खरे तर कनेक्शनमध्ये असते.

म्हणून खरेदीआधी पाच मिनिटे खर्च करा. सध्या घरात जो डबा आहे त्यात लॉगिन करा. जिओचा असेल तर पत्ता बहुधा १९२.१६८.२९.१, एअरटेलचा बहुधा १९२.१६८.१.१. स्टेटसच्या पानावर 'वॅन आयपी' (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) दिसतो तो लिहून घ्या आणि 'व्हॉट इज माय आयपी' सांगणाऱ्या कुठल्याही साइटवरचा आयपीव्ही४ पत्ता त्याच्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर पब्लिक आयपी आहे. वॅनचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या (कंपनीने अनेक घरांत वाटलेल्या सामाईक पत्त्याच्या) मागे आहात. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही स्थानिक केबलवाले १० ने सुरू होणारे पत्तेही देतात, अर्थ तोच. एकच पब्लिक पत्ता शेकडो घरांत वाटलेला असतो. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या यंत्रापर्यंत पोचते, पण ती कोणत्या घराची हे ठरवणारा नियम तिथे नसतो आणि तो नियम घरच्या राउटरवर लिहून उपयोग नाही. आशिया-पॅसिफिकच्या नोंदणीसंस्थेकडचा आयपीव्ही४ चा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव पट्ट्यावर आला. तेव्हा उशिरा उभ्या राहिलेल्या कंपन्यांकडे दुसरा मार्गही फारसा नव्हता. जिओफायबर घरगुती ग्राहकाला आयपीव्ही४ सीजीनॅटमधूनच देते, सोबत आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) देते. इतर कंपन्यांचे शहरागणिक, कधी गल्लीगणिक वेगळे. स्टॅटिक आयपी विकत मिळतो का, हे कस्टमर केअरला विचारण्यापेक्षा तुमच्या भागातल्या लाइनमनला किंवा फ्रँचायझीवाल्याला विचारा. उत्तर लवकर आणि खरे मिळते.

यापुढचे पब्लिक आयपी असलेल्यांसाठी.

पहिला अडथळा म्हणजे दुहेरी नॅट (नॅट म्हणजे आतले अनेक पत्ते बाहेरच्या एका पत्त्याआड ठेवण्याचे राउटरचे काम). कंपनीने दिलेली ओएनटी (फायबर जिला जोडलेले असते तो डबा) स्वतःच राउटर असते. तिच्या मागे सी६ लावला की दोन राउटर एकामागे एक होतात, आणि सी६ च्या वॅनवर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता येतो. हा सीजीनॅट नाही, घरातलाच घोळ आहे. उत्तम उपाय म्हणजे ओएनटी ब्रिज मोडमध्ये टाकून (म्हणजे तिचे राउटरचे काम बंद करून) घेणे आणि पीपीपीओईचे (लॉगिन करून इंटरनेट जोडण्याच्या पद्धतीचे) नाव-पासवर्ड सी६ मध्ये भरणे. बीएसएनएल आणि बहुतेक स्थानिक कंपन्या पीपीपीओईच वापरतात, त्यामुळे हे जमते. पासवर्ड मात्र आधी मागून ठेवा. ब्रिज केल्यावर इंटरनेट गेले आणि पासवर्ड कुणालाच माहीत नाही, हा प्रकार फार वेळा होतो. कनेक्शनला व्हीएलएएन क्रमांक (एकाच तारेवरच्या वेगळ्या जोडण्या ओळखायचा आकडा) लागत असेल तर तो 'ॲडव्हान्स्ड', 'नेटवर्क', 'आयपीटीव्ही/व्हीएलएएन' इथे भरतात. तो राहिला तर डायलिंग चालूच राहते आणि चुकीचे काय तेही कळत नाही. ब्रिज मिळणारच नसेल तर ओएनटीच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून आलेले सगळे एकाच उपकरणाकडे पाठवणाऱ्या सेटिंगमध्ये) सी६ चा पत्ता टाका. देखणा उपाय नाही, पण चालतो.

दुसरी गोष्ट, सी६ चा मूळचा पत्ता १९२.१६८.०.१ तसाच ठेवू नका. पुढे व्हीपीएन वापरायचे आहे. ज्या घरातून किंवा हॉटेलातून तुम्ही जोडाल तिथलेही नेटवर्क १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० असण्याची शक्यता मोठी. दोन्ही टोकांना तोच पट्टा असला की व्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवते आणि सर्व्हर काही उघडत नाही, कारण फोन तो पत्ता जवळच्याच वायफायवर शोधत बसतो. लॅनचा (घरातल्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.५७.१ असा काहीतरी आडवळणाचा ठेवा. हे सगळ्यात आधी करा, कारण नंतर बदलल्यास आरक्षित पत्ते, फॉरवर्डिंगचे नियम आणि टीव्हीतली सेटिंग सगळे पुन्हा करावे लागते.

मग 'डीएचसीपी सर्व्हर'च्या (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणाऱ्या) पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन'मध्ये सर्व्हरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा ओळखक्रमांक) आणि १९२.१६८.५७.१० असा एक कायमचा आयपी बांधून द्या. सर्व्हर वायफायवर असेल तर तो केबलवर आणा. वायफायचा आणि केबलचा मॅक वेगळा असतो हे विसरू नका. आरक्षण केबलच्या मॅकचे हवे.

डीडीएनएससाठी सी६ मध्ये टीपी-लिंकची स्वतःची, नो-आयपीची आणि डिनडीएनएसची सेवा आहे. टीपी-लिंकची फुकट आहे, त्यासाठी टीपी-लिंक आयडी काढून राउटर त्याला जोडावा लागतो. घरचा पत्ता बदलला की नाव नव्या पत्त्याला लागायला काही मिनिटे जातात. वीज येऊन-जाऊन लगेच कुणी 'लागत नाही' म्हणाले, तर दहा मिनिटे थांबायला सांगा.

आता मुख्य प्रश्न, दार कसे उघडायचे? सी६ मध्ये दोन मार्ग आहेत आणि बहुतेक लोक चुकीचा निवडतात.

पहिला मार्ग पोर्ट फॉरवर्डिंगचा. 'ॲडव्हान्स्ड', 'एनएटी फॉरवर्डिंग' आणि त्यात 'पोर्ट फॉरवर्डिंग' (जुन्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे राउटरमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, 'व्हर्च्युअल सर्व्हर्स'). जेलीफिनला टीसीपी ८०९६, प्लेक्सला टीसीपी ३२४००, आत सर्व्हरचा आरक्षित पत्ता, आणि सेव्ह. काम दोन मिनिटांचे. अडचण अशी की जेलीफिनचे ८०९६ हे साधे, कूटबद्ध नसलेले एचटीटीपी आहे. तुमचा पासवर्ड हॉटेलच्या वायफायवरून उघडा जातो. बाहेरचा पोर्ट बदलून ४८०९६ केला तर आपोआप चाचपणी करणारे बॉट थोडे कमी येतात, पण पासवर्ड तितकाच उघडा राहतो. नीट करायचे तर सर्व्हरवर कॅडीसारखा रिव्हर्स प्रॉक्सी (सर्व्हरसमोर बसून बाहेरची जोडणी कूटबद्ध करणारा प्रोग्रॅम) बसवा, त्यासाठी लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचे प्रमाणपत्र घ्या आणि बाहेरून फक्त ८० आणि ४४३ आत सोडा. काही कंपन्या घरगुती कनेक्शनवर हेच दोन पोर्ट बंद ठेवतात. तसे असले तर प्रमाणपत्राची नेहमीची पडताळणी तिथेच अडते. शिवाय सी६ चे 'रिमोट मॅनेजमेंट' चालू असेल तर ते आधी बंद करा. राउटरचे लॉगिन पान जगाला दाखवण्याचे काही कारण नाही.

मीडिया सर्व्हर उघडा ठेवणे किती महागात पडू शकते याचे उदाहरण मोठे आहे. २०२२ साली लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीत जी चोरी झाली, तिच्यात हल्लेखोर एका अभियंत्याच्या घरच्या संगणकात शिरले होते, आणि वाट मिळाली ती तिथल्या मीडिया सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीतल्या दोषातून. ते प्लेक्स होते, आणि तो दोष प्लेक्सने मे २०२० मध्येच दुरुस्त केला होता. अपडेट कुणी टाकला नव्हता. घरचा सर्व्हर एकदा लागला की कुणी त्याच्याकडे वळून पाहत नाही, हे सगळ्यांच्याच घरी खरे आहे.

याच कारणाने 'यूपीएनपी' बंद करा. ते मूळ सेटिंगमध्ये चालू असते आणि घरातले कुठलेही उपकरण, स्वस्तातला सीसीटीव्हीसुद्धा, न विचारता बाहेरचा पोर्ट उघडून घेऊ शकते. प्लेक्स यूपीएनपीवर अवलंबून असेल तर बंद केल्यावर ३२४०० चा नियम हाताने लिहा आणि प्लेक्सच्या 'रिमोट ॲक्सेस'च्या पानावर पोर्ट हाताने द्यायचा पर्याय निवडा.

दुसरा मार्ग ओपनव्हीपीएन या व्हीपीएन पद्धतीचा, आणि सी६ घ्यायचाच तर याच्यासाठी घ्यावा. राउटरमध्येच सर्व्हर आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. 'ॲडव्हान्स्ड', 'व्हीपीएन सर्व्हर', 'ओपनव्हीपीएन' इथे जाण्यापूर्वी दोन गोष्टी झालेल्या हव्यात: डीडीएनएस लागलेले, आणि 'सिस्टिम टाइम' इंटरनेटवरून जुळवलेला. वेळेचे लोक सोडून देतात. राउटरचे घड्याळ चुकलेले असेल तर प्रमाणपत्र त्याच चुकीच्या तारखेचे बनते आणि पुढे जोडणी 'सर्टिफिकेट'ची चूक सांगून नाकारली जाऊ शकते. मग प्रकार यूडीपी, पोर्ट ११९४, सबनेट १०.८.०.० तसाच. 'क्लायंट ॲक्सेस'मध्ये 'होम नेटवर्क ओन्ली' निवडा. दुसरा पर्याय घेतला तर फोनचे सगळे इंटरनेट घरून फिरून जाते आणि राउटरचा प्रोसेसर आधीच दमलेला असतो. सेव्ह करा, 'जनरेट' दाबून प्रमाणपत्र बनू द्या (काही मिनिटे लागतात, मध्ये पान रिफ्रेश करू नका), आणि 'एक्सपोर्ट'ने फाइल काढा.

ती फाइल फोनवर पाठवण्याआधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. 'रिमोट' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीत आयपीचे आकडे असतील तर तिथे डीडीएनएसचे नाव टाका. हे केले नाही तर आज सगळे चालते आणि पुढच्या वेळी वीज गेली की बंद पडते. नव्या ओपनव्हीपीएन ॲपने सायफर (कूटबद्धतेची पद्धत) जुनी म्हणून कुरकुर केली तर आधी राउटरचे फर्मवेअर अपडेट करून प्रमाणपत्र आणि फाइल दोन्ही नव्याने काढा. चाचणी फोनचे वायफाय बंद करून मोबाइल डेटावरच घ्या. घरच्याच वायफायवरून घेतलेल्या चाचणीवर विश्वास ठेवू नका.

आता उणिवा. पहिली, वेग. ओपनव्हीपीएनची सगळी कूटबद्धता राउटरच्या छोट्या प्रोसेसरवर एका धाग्यात होते, त्यामुळे फायबर १०० एमबीपीएसचा असला तरी बोगद्यातून पंधरा-वीसच्या आसपासच धरून चाला. ८ ते १२ एमबीपीएसची १०८०पी फाइल एका माणसाला आरामात दिसते. ब्लू-रेची न आवळलेली प्रत २५ ते ४० मागते, ती अडखळणार. ४के तर विसराच. दुसरी उणीव, सगळ्यांना एकच फाइल. पुण्यातल्या मुलाचा फोन हरवला तर त्याच्यापुरते दार बंद करता येत नाही; प्रमाणपत्र नव्याने काढून सगळ्यांना परत वाटावे लागते. तिसरी, सॅमसंग आणि एलजीच्या टीव्हीवर ओपनव्हीपीएन बसत नाही. पलीकडच्या घरी अँड्रॉइड टीव्ही किंवा फायर स्टिकसारखे काहीतरी लागेल.

वेगाच्या बाबतीत जेलीफिनमध्ये एक खाच आहे, ती जपली तर सी६ सुद्धा पुरतो. डॅशबोर्डमध्ये 'प्लेबॅक'खाली इंटरनेटवरच्या प्रवाहाला कमाल बिटरेटची (सेकंदाला किती डेटा जातो त्याची) मर्यादा घालता येते. तिथे १० एमबीपीएस टाका. पण ही मर्यादा 'बाहेरच्या' उपकरणालाच लागते, आणि 'नेटवर्किंग'मधला 'लॅन नेटवर्क्स'चा रकाना रिकामा असेल तर जेलीफिन सगळे खासगी पट्टे घरचेच समजतो. १०.८.०.० हा त्यातलाच. म्हणजे नागपुरातला टीव्ही जेलीफिनच्या लेखी शेजारच्या खोलीत आहे, आणि त्याला तो पूर्ण ४० एमबीपीएस पाठवू पाहतो. रकान्यात फक्त १९२.१६८.५७.०/२४ लिहा, सर्व्हर रीस्टार्ट करा. 'ॲक्टिव्हिटी'च्या नोंदीत लॉगिन करणाऱ्याचा आयपी दिसतो, त्यावरून तो १०.८ चा आहे ना हे पडताळून घ्या. बिटरेट कमी करायचे काम, म्हणजे ट्रान्सकोडिंग, सर्व्हरच्या प्रोसेसरवर पडते. इंटेलच्या चिपमधले क्विक सिंक (व्हिडिओ रूपांतरासाठीची खास सोय) चालू नसेल तर जुना संगणक धापा टाकेल, आणि त्यात राउटरचा काही दोष नाही.

सीजीनॅटवाल्यांचे काय? त्यांनी सी६ फक्त वायफायसाठी घ्यावा, आणि तो ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये चालवावा, म्हणजे दुहेरी नॅट तरी वाचेल. बाहेरून यायला सर्व्हरवर टेलस्केल (उपकरणे एकमेकांशी जोडणारी व्हीपीएन सेवा) बसवा. ते वायरगार्ड या दुसऱ्या व्हीपीएन पद्धतीवर चालते, दोन्ही टोके आतून बाहेर हाक मारतात, त्यामुळे पोर्ट उघडायचा प्रश्न येत नाही. वैयक्तिक वापराला फुकट आहे. एक गंमत लक्षात असू द्या: टेलस्केलही उपकरणांना १०० ने सुरू होणारे, सीजीनॅटच्याच पट्ट्यातले पत्ते देते. दोन्ही ठिकाणी तोच आकडा पाहून गोंधळू नका. हे पत्ते जेलीफिनच्या 'खासगी' यादीत बसत नाहीत, म्हणून इथे बिटरेटची मर्यादा आपोआप लागते.

टेलस्केल लावल्यावर सर्व्हरच्या टर्मिनलवर त्याची 'स्टेटस' आज्ञा चालवा. समोरच्या उपकरणापुढे 'डायरेक्ट' दिसले तर उत्तम. 'रिले' दिसले तर सगळा व्हिडिओ त्यांच्या मधल्या सर्व्हरवरून फिरतोय आणि थांबत-थांबत चालणार. घर सीजीनॅटमागे आणि फोन मोबाइल डेटावर, म्हणजे दोन्ही टोके नॅटमागे, असे असले की रिले लागण्याची शक्यता वाढते. इथे आयपीव्ही६ कामी येते. दोन्ही टोकांना ते असेल तर थेट जोडणी बहुतेक वेळा जमते, म्हणून जिओसारख्या कनेक्शनवर ते चुकूनही बंद करू नका. सी६ राउटर मोडमध्येच ठेवायचा असेल तर 'आयपीव्ही६'च्या पानावर 'पास-थ्रू' करून पाहा. टेलस्केलच्या किल्ल्या मूळ सेटिंगनुसार १८० दिवसांनी संपतात. सर्व्हरपुरती ती मुदत ॲडमिन पानावरून बंद करा, नाहीतर सहा महिन्यांनी, तुम्ही परदेशात असताना, घरचा सर्व्हर यादीतून गायब.

प्लेक्सवाल्यांनी पैशांचा हिशोब वेगळा मांडावा. २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचे व्हिडिओ पाहायला सर्व्हरच्या मालकाकडे प्लेक्स पास किंवा पाहणाऱ्याकडे रिमोट वॉच पास लागतो. राउटर कितीही चांगला लावला तरी ही पाटी जात नाही. पोर्ट उघडला नाही तर प्लेक्सचा रिले मदतीला येतो, पण त्याचा वेग १ एमबीपीएस, प्लेक्स पास असल्यास २. चेहरे ओळखू येतात इतपत. जेलीफिन २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या दुसऱ्या मीडिया सर्व्हरपासून फुटून निघाले, ते पूर्ण फुकट आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तेच घ्यावे.

खरेदी करताना खोक्यामागच्या स्टिकरवरचा 'व्ही' पुढचा आकडा पाहा. सी६ या एकाच नावाखाली टीपी-लिंकने आतून निरनिराळे हार्डवेअर विकले आहे, आणि ही त्यांची सवय चीड आणणारी आहे. व्ही२ आणि व्ही३ वर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या फर्मवेअरऐवजी बसणारे मुक्त फर्मवेअर) बसते, म्हणजे पुढेमागे राउटरवरच वायरगार्ड चालवता येते. बसवल्यावर टीपी-लिंकचे टेदर ॲप मात्र जाते. त्या वाटेला जायचे नसेल आणि बजेट थोडे वाढवता येत असेल तर एएक्स५५ सारख्या मॉडेलमध्ये वायरगार्ड सर्व्हर कंपनीच्याच फर्मवेअरमध्ये आहे आणि वेगाची वरची तक्रार बरीचशी मिटते. कुठल्या आवृत्तीत कोणता मेन्यू आहे हे टीपी-लिंकच्या साइटवरच्या एम्युलेटरमध्ये (राउटरच्या पानांच्या नमुन्यात) आधी उघडून बघता येते. ऑर्डर देण्याआधी 'व्हीपीएन सर्व्हर'चे पान तिथे डोळ्यांनी पाहा.

राउटरबरोबर १२ व्होल्टचा एक मिनी यूपीएस मागवा, अॅम्पिअरचा आकडा दोन्ही अॅडॅप्टरवर पाहून, आणि ओएनटीही त्यावरच घ्या. एकटा सी६ जागा राहून उपयोग नाही. सर्व्हरच्या बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय असतो, तो 'ऑन' करून ठेवा. घरी बटण दाबायला कुणी नसेल तर वरचे सगळे सेटिंग त्याच्यावर येऊन अडते.